विचारांचे जाळे, वहीची ओळ

नागपूरच्या उत्तरेला, पेंच नदीच्या आधाराने वसलेला पारशिवनी तालुका आहे. तिथल्या एखाद्या शाळेतला नववीचा वर्ग डोळ्यांसमोर आणा. सरांनी फळ्यावर निबंधाचा विषय लिहिला आहे : 'आमची पेंच नदी'. एका मुलीने नदीचा उगम, तिचा प्रवास, तिच्यावरची धरणे, तिचे उपयोग आणि शेवटी समारोप असे पाच परिच्छेद नीट लिहून दिले. शेजारच्या मुलाने मात्र पहिल्याच वाक्यात वाघ आणला. वाघावरून तो जंगलावर गेला, जंगलावरून तोतलाडोहच्या तलावावर, तलावावरून तिथल्या मासेमारीवर, तिथून मामाच्या धानाच्या बांधीवर आणि बांधीवरून थेट नागपूरच्या नळांवर. तास संपला तेव्हा नदीचा उगम राहूनच गेला होता, दोन वाक्ये अर्धवट होती आणि समासात बाणांची गर्दी झाली होती. वहीवर शेरा पडला : 'विस्कळीत. मुद्देसूद लिहा.'

शेरा खोटा नाही, पण अपुरा आहे. मुद्देसूद कसे लिहायचे हे न सांगता नुसते 'मुद्देसूद लिहा' म्हणणे म्हणजे पोहता न येणाऱ्याला काठावरून 'बुडू नको' असे बजावण्यासारखे आहे. बहुधा याच मुलाची भूगोलाची वही घरी राहते, कंपासपेटी मैदानावर विसरते आणि विज्ञानाच्या प्रयोगाची आकृती मराठीच्या वहीत सापडते. दोन-चार वर्षे असे शेरे मिळाले की मुलगा स्वतःच ठरवून टाकतो, की आपण आळशी आणि बेशिस्त आहोत. मग तो कमी लिहितो, कमी बोलतो. यात नुकसान त्याचे एकट्याचे होत नाही. वाघ ज्या तलावावर पाणी प्यायला येतो, त्याच तलावाचे पाणी पुढे नागपूरच्या नळाला येते, ही गोष्ट त्या दिवशी वर्गात फक्त त्याच्या वहीत होती.

असे विचार करणारी मुले प्रत्येक वर्गात असतात, आणि प्रामाणिकपणे पाहिले तर शिक्षकांच्या खोलीतही असतात. त्यांच्या डोक्यात नेमके काय चालते आणि त्यांना मदत कशी करता येईल, याचा विचार आपण या लेखात करू.

एका शब्दामागून दुसरा

आपली स्मृती म्हणजे कपाटात ओळीने लावलेल्या फायली, अशी एक समजूत आहे. प्रत्यक्षात ती जाळ्यासारखी चालते. १९७१ साली अमेरिकेतील डेव्हिड मेयर आणि रॉजर श्वानेवेल्ट या मानसशास्त्रज्ञांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. समोर अक्षरांचे दोन समूह दाखवायचे आणि ते दोन्ही खरे शब्द आहेत की नाहीत, एवढेच विचारायचे. 'पाव' आणि 'लोणी' अशी एकमेकांशी नाते असलेली जोडी आली की उत्तर लवकर मिळे. 'पाव' आणि 'डॉक्टर' अशी जोडी आली की थोडा उशीर लागे. फरक सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी होता, पण तो पुन्हा पुन्हा दिसत होता. याचा अर्थ असा, की 'पाव' हा शब्द वाचताच 'लोणी' हा शब्द न वाचताच अर्धवट जागा झालेला असतो.

१९७५ मध्ये अॅलन कॉलिन्स आणि एलिझाबेथ लॉफ्टस यांनी या विचाराला व्यवस्थित रूप दिले. स्मृतीतील एक कल्पना जागी झाली की तिची जाग दुव्यांच्या वाटेने शेजारच्या कल्पनांपर्यंत पसरत जाते आणि दूर जाता जाता मंदावते, असे त्यांनी मांडले. शांत पाण्यात खडा टाकल्यावर तरंग सर्व बाजूंना जातात, तसेच हे. वाघ, जंगल, तलाव, मासे, बांधी, नळ ही त्या मुलाची उडी म्हणजे असाच एक तरंग होता.

जाळे सर्वांच्याच डोक्यात असते. अडचण येते ती लिहिताना. भाषा एका ओळीत चालते. एका शब्दानंतर एकच शब्द येऊ शकतो, एका वाक्यानंतर एकच वाक्य. जाळे सोडवून त्याचा एक धागा करणे, हे लिहिण्याचे खरे काम आहे. काहींना ते सवयीने जमते. काहींच्या मनात मात्र दूरचे दुवेही इतक्या चटकन जागे होतात, की कोणता धागा आधी ओढावा हेच ठरत नाही.

येथे एका गैरसमजाचा निरास केला पाहिजे. क्रमाने विचार करणारी माणसे 'डाव्या मेंदूची' आणि स्वैर विचार करणारी 'उजव्या मेंदूची', असे अनेकदा सांगितले जाते. अमेरिकेतील यूटा विद्यापीठाच्या संशोधकांनी हजाराहून अधिक व्यक्तींच्या मेंदूंच्या प्रतिमा तपासून २०१३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. काही कामे मेंदूच्या एका बाजूला अधिक होतात हे खरे आहे, पण एखाद्या माणसाचा सबंध डावा किंवा उजवा मेंदूच प्रबळ असतो, याला आधार मिळाला नाही. म्हणून मुलांचे असे दोन कप्पे करू नयेत.

ओटा लहान, पसारा मोठा

मग घोटाळा नेमका कुठे होतो? स्वयंपाकघराचे उदाहरण घ्या. कोठीत धान्य कितीही असो, प्रत्यक्ष काम होते ते ओट्यावर. ओटा लहान असेल आणि त्यावर एकाच वेळी परात, पोळपाट, विळी आणि चार पातेली आली, तर काहीतरी खाली पडणारच. मनालाही असा एक ओटा असतो. त्याला कार्यकारी स्मृती म्हणतात. आत्ता, या क्षणी ज्या गोष्टी आपण धरून ठेवतो आणि हाताळतो, त्या या ओट्यावर असतात.

हा ओटा किती मोठा? अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली सुमारे सात वस्तू, दोन इकडे किंवा दोन तिकडे, असा अंदाज प्रसिद्ध केला. पुढे नेल्सन कोवन यांनी २००१ साली आधीच्या अनेक प्रयोगांचा आढावा घेतला. मनातल्या मनात घोकण्याची किंवा गट पाडून लक्षात ठेवण्याची सोय काढून घेतली तर हा आकडा चारच्या आसपास येतो, असे त्यांनी दाखवले. चार! कोठी एवढी प्रचंड आणि ओट्यावर जागा जेमतेम चार भांड्यांची.

वर्गात करून पाहण्याजोगा एक प्रयोग सांगतो. मनगटी घड्याळ पुरेल. एका विद्यार्थ्याला बारापासून एकपर्यंत उलटे आकडे म्हणायला सांगा आणि वेळ मोजा. मग जानेवारी ते डिसेंबर महिने म्हणायला सांगा. दोन्ही सहज होते. आता दोन्ही एकाआड एक म्हणायला सांगा : बारा जानेवारी, अकरा फेब्रुवारी, दहा मार्च... आधीच्या दोन वेळांची बेरीज करा आणि या तिसऱ्या वेळेशी ताडून पाहा. बोलायचे शब्द तेवढेच आहेत, तरी वेळ बहुधा पुष्कळ जास्त लागतो, आणि मध्येच 'मी कुठवर आलो होतो?' असा प्रश्न पडतो. एक धागा सोडून दुसरा धरायचा आणि पहिल्याचे टोकही विसरायचे नाही, याची ही किंमत आहे.

आता निबंध लिहिणाऱ्या मुलाकडे परत पाहा. वाघाचे वाक्य लिहिताना त्याला वाक्याचा शेवट धरून ठेवायचा आहे, शुद्धलेखन सांभाळायचे आहे, तलावाचा मुद्दा विसरायचा नाही, मामाच्या बांधीचाही नाही, आणि उगम लिहायचा राहिला आहे हेही ध्यानात ठेवायचे आहे. ओटा भरला. उगम खाली पडला. ज्याला एकावेळी एकच मुद्दा सुचतो, त्याच्यावर ही पाळी येत नाही. वहीतला विस्कळीतपणा पुष्कळदा विचारांच्या भाऊगर्दीतून आलेला असतो.

कामांचा क्रम लावणे, मोह आवरणे, वेळेचा अंदाज बांधणे या गोष्टींत मेंदूच्या कपाळामागील भागाचा मोठा वाटा असतो. हा भाग सर्वांत उशिरा, साधारण पंचविशीच्या आसपास, पूर्ण परिपक्व होतो. नववीच्या मुलाकडून प्रौढाची शिस्त मागताना हे लक्षात ठेवले पाहिजे. आणि प्रौढांचाही ओटा चार भांड्यांचाच असल्यामुळे, मोठी कामे करणाऱ्यांनी एक युक्ती फार पूर्वीच शोधली आहे. क्रम डोक्यात धरून ठेवण्याऐवजी तो डोक्याबाहेर, कागदावर मांडायचा.

नागपुरात सुरू झालेला कोश

या युक्तीचे एक मोठे उदाहरण पारशिवनीपासून फार दूर नाही. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा जन्म १८८४ साली रायपूरचा. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात शिकून त्यांनी १९११ साली पीएच.डी. मिळवली आणि १९१६ च्या सुमारास नागपुरात 'महाराष्ट्रीय ज्ञानकोशा'चे काम उभारायला घेतले. पाठीशी राजाश्रय नव्हता. मर्यादित कंपनी काढून, तिचे भाग विकून भांडवल जमवायचे होते. पुढे हे काम पुण्यास हलले, आणि १९२० ते १९२९ या काळात कोशाचे २३ खंड प्रसिद्ध झाले.

केतकरांची बुद्धी एका रुळावरून चालणारी नव्हती. समाजशास्त्र, वेदविद्या, इतिहास, अर्थकारण, भाषा या सर्व विषयांत ती एकाच वेळी फिरत असे. त्यांनी कादंबऱ्याही लिहिल्या. त्यांत कल्पनांची श्रीमंती आहे, पण रचना विस्कळीत आहे, कथा सोडून लेखक सामाजिक प्रश्नांच्या चर्चेत शिरतो, असे समीक्षकांनी वारंवार म्हटले आहे. मग याच माणसाच्या हातून २३ खंडांचे नेटके काम कसे झाले? सहकारी होते, हे एक कारण. यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे या त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे 'महाराष्ट्र शब्दकोश' सिद्ध केला. दुसरे कारण कोशाच्या रचनेतच आहे, आणि आपल्याला ते जास्त उपयोगी आहे.

ज्ञानकोशाचे पहिले पाच खंड प्रस्तावनेचे आहेत. पहिला खंड 'हिंदुस्थान आणि जग', तर पाचवा 'विज्ञानेतिहास'. या खंडांत विषय एकमेकांशी जोडून, सलग सांगितले आहेत. सहाव्या खंडापासून पुढे नोंदी अकारविल्हे लागतात, आणि शेवटी सूचीसाठी स्वतंत्र खंड दिला आहे. म्हणजे एकाच ग्रंथात तीन वेगवेगळे क्रम नांदतात.

पहिला क्रम सापडण्याचा. अकारविल्हे क्रम हा तसा निर्बुद्ध क्रम आहे. 'कापूस' आणि 'कासव' शेजारी येतात, कारण दोघांचा आरंभ 'का'ने होतो. पण हाच त्याचा गुण आहे. कोणती नोंद कुठे ठेवायची याचा विचारच करावा लागत नाही, आणि कोणालाही ती विनासायास मिळते. दुसरा क्रम संबंधांचा. अकारविल्हे लावल्यावर कापूस, सूत आणि हातमाग तीन ठिकाणी विखुरतात. त्यांचे नाते टिकवण्यासाठी सूची लागते. 'मराठी विश्वकोशा'त नोंदीच्या शेवटी 'पहा' म्हणून दुसऱ्या नोंदींची नावे दिलेली असतात, तीही याचसाठी. तिसरा क्रम सांगण्याचा. वाचकाला आरंभापासून शेवटापर्यंत हाताला धरून न्यायचे, तर प्रस्तावनाखंडांसारखी सलग ओळ लागते.

आपली गल्लत होते ती या तिन्हींची सरमिसळ केल्यामुळे. वही शोधताना आपण संबंध आठवत बसतो, मुद्दे जमवतानाच सांगण्याचा क्रम लावू पाहतो, आणि सांगायला लागल्यावर नवे संबंध शोधत भरकटतो. तीन कामे वेगळी केली की प्रत्येक काम ओट्यावर मावते.

सुट्या चिठ्ठ्यांची करामत

तीन क्रम वेगळे ठेवायचे तर मजकूर सुटा हवा. वहीत लिहिलेले हलत नाही, चिठ्ठी हलते. कॉनराड गेस्नर या स्विस निसर्गअभ्यासकाने १५४८ सालीच सल्ला दिला होता, की टिपणे कागदाच्या एकाच बाजूला लिहावीत, मग कात्रीने कापून हव्या त्या क्रमाने लावावीत. वनस्पतींना आणि प्राण्यांना द्विनाम पद्धतीने नावे देणारा कार्ल लिनियस हाही उतारवयात सुट्या चिठ्ठ्या वापरू लागला होता. नवी जात सापडली की सबंध वही पुन्हा लिहिण्यापेक्षा मध्ये एक चिठ्ठी सरकवणे सोपे होते.

याचे भव्य रूप पाहायचे तर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात जावे. संस्कृतचा ऐतिहासिक तत्त्वांवर आधारलेला महाकोश करण्याचे काम तिथे डॉ. सु. मं. कत्रे यांच्या पुढाकाराने १९४८ साली सुरू झाले. सुमारे दीड हजार ग्रंथांतून शब्द टिपून काढले गेले आणि चिठ्ठ्यांची संख्या एक कोटीच्या घरात गेली. पहिला छापील भाग १९७६ साली बाहेर पडला. एवढे शब्द कोणत्याही पंडिताच्या डोक्यात मावणार नाहीत. पण प्रत्येक चिठ्ठीला ठरलेली जागा असली, की डोक्याला एका वेळी एकाच शब्दाचा विचार करायचा असतो.

जर्मन समाजशास्त्रज्ञ निक्लास लूमान याने चिठ्ठ्यांना जाळ्याचे रूप दिले. त्याच्या पेट्यांत सुमारे ९०,००० चिठ्ठ्या होत्या. प्रत्येक चिठ्ठीला तो एक क्रमांक देई. 'एक' नंतर 'दोन' येई. पण 'एक'वरून काही वेगळे सुचले तर त्या नव्या चिठ्ठीचा क्रमांक 'एक-अ', त्यावरून आणखी सुचले तर 'एक-अ-एक'. आणि दूरच्या एखाद्या चिठ्ठीशी नाते दिसले, तर तिचा क्रमांक या चिठ्ठीवर लिहून ठेवी. पत्ता कायमचा, नाती वाटेल तितकी. विचार कुठेही उडी मारो, तो हरवत नसे. १९९८ साली निधन होईपर्यंत त्याने पन्नासाहून अधिक पुस्तके लिहिली.

याच्या उलट उदाहरण लिओनार्दो दा विंचीचे. शरीररचना, पाण्याचे प्रवाह, उडण्याची यंत्रे, चित्रकला हे सारे त्याच्या टिपणवह्यांत एकमेकांत मिसळलेले आहे. १५०८ साली एका वहीच्या आरंभी त्यानेच कबूल केले, की हा क्रमाशिवाय केलेला संग्रह आहे आणि पुढे विषयवार लावण्याची आशा आहे. ते 'पुढे' कधी आलेच नाही. त्याच्या शरीररचनेच्या असामान्य आकृत्या त्याच्या हयातीत प्रसिद्ध झाल्या नाहीत आणि वैद्यकाच्या वाटचालीला त्यांचा उपयोग झाला नाही. प्रतिभा मोठी असली म्हणजे मांडणीची गरज संपते, असे मुळीच नाही.

पुन्हा पेंचच्या काठी

आता वर्गात काय करता येईल ते पाहू. खर्च काही नाही. घरोघरी जुन्या लग्नपत्रिका पडलेल्या असतात. त्यांच्या कोऱ्या बाजूच्या, साधारण पत्त्याच्या पानाएवढ्या चिठ्ठ्या कापून घ्याव्यात.

पहिली पायरी, जमवणे. दहा मिनिटे मुलांनी पेंचबद्दल सुचेल ते लिहावे. एका चिठ्ठीवर एकच मुद्दा, एकाच वाक्यात. क्रमाचा विचार करायचा नाही. आपल्या निबंधवाल्या मुलाच्या चिठ्ठ्या अशा होतील : उगम मध्य प्रदेशात, छिंदवाडा जिल्ह्यात. वरच्या अंगाला चौराईचे धरण. तोतलाडोह धरण. तिथे १६० मेगावॅटचे जलविद्युत केंद्र. तलावाभोवती जंगल आणि वाघ; १९७५ पासून राष्ट्रीय उद्यान. तलावातली मासेमारी आणि तिच्यावरची बंदी. पारशिवनी तालुक्यात नवेगाव खैरीचे धरण. तिथून निघणारे कालवे. मामाची धानाची बांधी. नागपूरचे पिण्याचे पाणी. कोराडी आणि खापरखेडा येथील औष्णिक वीजकेंद्रे. पेंच कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला.

दुसरी पायरी, जोडणे. चिठ्ठ्या जमिनीवर पसराव्यात. ज्यांचे नाते दिसते त्या जवळ ठेवाव्यात आणि नाते कोणते ते शब्दांत सांगावे. 'पाणी देते', 'अडवते', 'यामुळे बंदी आली' असे. नात्याला नाव देणे फार महत्त्वाचे आहे. १९७० च्या दशकात, केतकर जिथे शिकले त्याच कॉर्नेल विद्यापीठात, जोसेफ नोव्हाक आणि त्यांचे सहकारी मुलांच्या विज्ञानविषयक कल्पना कशा बदलतात याचा अनेक वर्षे मागोवा घेत होते. मुलाखतींचा ढीग आटोक्यात आणण्यासाठी त्यांनी संकल्पना चौकटीत आणि त्यांचे नाते जोडरेषेवर लिहिण्याची पद्धत काढली. आज ती संकल्पना-नकाशा म्हणून ओळखली जाते. नुसत्या रेषेने दोन गोष्टी जोडणे सोपे असते. रेषेवर शब्द लिहायला लागले, की आपल्याला खरोखर काय समजले आहे ते उघड होते.

तिसरी पायरी, प्रश्न ठरवणे. येथेच ओळ जन्माला येते. 'पेंच कुठून कुठे जाते?' असा प्रश्न घेतला, तर चिठ्ठ्या उगमापासून संगमापर्यंत लागतील. 'धरणांनी काय बदलले?' असे विचारले, तर धरणाआधी, धरणानंतर आणि आज अशा तीन गड्ड्या होतील. 'पेंचचे पाणी कोणाचे?' असे विचारले, तर वाघ, मासेमार, शेतकरी, वीजकेंद्र, नागपूरकर आणि वरच्या धरणाचे लोक असे हक्कदार एकामागून एक पुढे येतील. चिठ्ठ्या त्याच, ओळी तीन. निबंधाचा क्रम नदीत दडलेला नव्हता. तो आपण नदीला विचारलेल्या प्रश्नात होता. हे एकदा मुलांच्या हातांना कळले, की 'मुद्देसूद' या शब्दाला अर्थ येतो.

चौथी पायरी, बाजूला ठेवणे. निवडलेल्या प्रश्नात न बसणाऱ्या चिठ्ठ्या टाकून द्यायच्या नाहीत. त्या एका पाकिटात जातील. ज्याला खूप सुचते त्याला काही गाळणे फार जड जाते. विचार हरवणार नाही, एवढी खात्री मिळाली की गाळणे जमते. पाचवी पायरी, लिहिणे. आता समोर एका वेळी एकच चिठ्ठी. ओटा मोकळा आहे, म्हणून लक्ष वाक्याकडे देता येते.

एकाच वर्गातल्या त्या मुलीलाही याचा लाभ होतो. तिचे पाच परिच्छेद नीट होते, पण ते एकमेकांना ओळखत नव्हते. दुसऱ्या पायरीवर तिला शेजाऱ्याची मदत होईल, तिसऱ्या पायरीवर शेजाऱ्याला तिची.

वस्तू आणि वेळा

हरवणाऱ्या वह्यांनाही हेच तत्त्व लागू पडते. वस्तूंच्या बाबतीत क्रम फक्त सापडण्याचा हवा, आणि तो जितका निर्बुद्ध तितका बरा. कंपासपेटी नेहमी दप्तराच्या एकाच कप्प्यात. गृहपाठ सगळ्या विषयांचा एकाच छोट्या वहीत, तारखेवार. विषयवार सहा याद्या केल्या, तर कोणती यादी कुठे आहे हे आठवण्यासाठी सातवी लागते. किराणा दुकानदार साऱ्या पावत्या एकाच तारेत ओवतो, त्यामागे हेच शहाणपण आहे.

ऐनवेळी आठवण होण्यासाठी दुसरी एक युक्ती आहे. 'मी प्रयोगवही नक्की नेईन' असा संकल्प पुष्कळदा फसतो. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी १९९९ साली या विषयावरील प्रयोगांचा गोषवारा मांडला. संकल्प 'जेव्हा-तेव्हा'च्या रूपात केला, तर तो पार पडण्याची शक्यता वाढते, असे त्यांत दिसले. 'रात्री जेवण झाल्यावर ताट उचलले, की प्रयोगवही दप्तरात टाकीन.' ताट उचलणे हीच आठवण होते. मनाच्या जाळ्यात एक दुवा आपण मुद्दाम बांधतो आणि तो आपोआप जागा होतो.

सावधगिरीच्या दोन गोष्टी

पहिली गोष्ट. काही मुलांच्या विस्कळीतपणामागे अवधानाचा विकार असू शकतो. त्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून 'एडीएचडी' म्हणतात. जगभरातील पाहण्यांत सुमारे ५ टक्के मुलांत तो आढळतो. पण वही विसरणे म्हणजे विकार नव्हे. लक्षणे बारा वर्षांच्या आतच दिसलेली असावी लागतात, घरी आणि शाळेत अशी एकाहून अधिक ठिकाणी असावी लागतात, आणि त्यांनी रोजचे जगणे अडत असावे लागते. निदान तज्ज्ञ डॉक्टरांनीच करायचे असते. शिक्षकाने नाव ठेवू नये आणि दुर्लक्षही करू नये. पालकांशी बोलावे, तज्ज्ञाकडे जाण्यास सुचवावे. चिठ्ठ्यांचा या मुलांनाही आधार होऊ शकतो, पण तो उपचाराच्या जागी नाही.

दुसरी गोष्ट. आता हाती संगणक आणि मोबाइल आले आहेत, मग हा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. टेड नेल्सन यांनी १९६५ साली एका मजकुरातून दुसऱ्यात उडी मारता येईल अशा लेखनाची कल्पना मांडून तिला 'हायपरटेक्स्ट' हे नाव दिले. आज आपण त्याच जाळ्यात वावरतो. शोधयंत्राने सापडण्याचा क्रम फुकट दिला आहे. केतकरांचा कोशही आज संगणकावर वाचता येतो. मात्र कोणता प्रश्न विचारायचा आणि सापडलेल्यातून कोणती ओळ ओवायची, हे काम आपलेच राहिले आहे. उलट जाळे जेवढे मोठे, तेवढी भरकटण्याची सोय जास्त. ज्या मुलाला मुळातच उड्या सुचतात, त्याला ही कला अधिक लवकर शिकवायला हवी.

तेव्हा पुढच्या खेपेला बाणांनी भरलेली वही समोर आली, की लाल पेन क्षणभर थांबवावे आणि वहीतले मुद्दे मोजावेत. पारशिवनीच्या त्या वहीत ते सहा निघाले असते : वाघ, जंगल, तलाव, मासे, बांधी, नळ. मग शेरा असा लिहिता येईल : 'सहा मुद्दे आहेत, चांगले आहेत. उगम राहिला. प्रश्न कोणता ते ठरव आणि चिठ्ठ्या लावून उद्या दाखव.' शेरा थोडा लांबला खरा, पण यात मुलाला पुढे काय करायचे ते कळते.